वैनगंगेच्या रेतीबरोबर : तुमसर ते चपराळा

वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते, महाराष्ट्रात शिरल्यावर गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतून वाहते, पुढे चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्यामधली सीमा होते आणि चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता हे नाव घेते. या नदीच्या रेतीला बांधकामात मोठी मागणी आहे आणि त्याचे कारण खडकात दडलेले आहे. पश्चिम महाराष्ट्रातील नद्या बेसॉल्टवरून वाहतात, त्यामुळे त्यांची वाळू काळसर असते. वैनगंगेचे खोरे मात्र बरेचसे नाइस, ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झाइट अशा फार जुन्या खडकांचे असल्यामुळे तिच्या पात्रात गारेचे पांढुरके, कठीण आणि टोकदार कण साठतात. सिमेंटला असेच कण लागतात. हीच रेती नदी धरून ठेवते, उन्हाळ्यात पाणी पुरवते आणि पक्ष्यांना घरट्यांची जागा देते. या दोन्ही गोष्टी एकाच पात्रात कशा नांदतात, किंवा का नांदत नाहीत, हे पाहण्यासाठी उन्हाळ्यात, घाट, म्हणजे रेती काढण्यासाठी लिलावाने दिलेले पात्राचे भाग, सुरू असतानाच, नदीच्या प्रवाहाच्या दिशेने जायचे ठरवले. पावसाळ्यात, म्हणजे १० जून ते ३० सप्टेंबर या काळात, राज्यात नदीपात्रातून रेती काढायला बंदी असते. त्यामुळे मे महिन्यात घाटांवर सर्वाधिक घाई दिसते.

पहिला दिवस : तुमसर आणि मोहाडी परिसर

सकाळी सात वाजता ज्या घाटावर पोहोचलो त्याचे नाव येथे देत नाही, कारण जे दिसले ते त्या एकाच घाटावर दिसते असे नाही. लिलावात गेलेल्या क्षेत्राच्या कोपऱ्यांवर सीमांकनाचे खांब होते आणि त्यांना लाल कापड बांधलेले होते. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि टिप्पर एका बाजूने उतरत होते, भरून दुसऱ्या बाजूने चढत होते, आणि वरच्या ताडपत्रीच्या झोपडीत एक तरुण मोबाईलवर वाहतूक परवाने काढत होता. हे सारे रीतसर होते. खांबांच्या पलीकडे, नदीच्या मूळ धारेकडे, पाण्याने भरलेले हिरवट खड्डे मात्र एकापाठोपाठ एक पसरले होते आणि त्यांच्या कडा इतक्या सरळ कापलेल्या होत्या की ते काम फावड्याचे नाही, पोकलेनचे आहे, हे सांगायला जाणकार लागत नव्हता. तीन मीटर खोली किंवा पाण्याची पातळी, यांपैकी जे आधी लागेल तेथे थांबायचे, असे केंद्र सरकारची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. खड्ड्यात पाणी उभे आहे याचा अर्थ ती मर्यादा ओलांडली गेली आहे, एवढे साधे हे माप आहे. त्यासाठी यंत्र लागत नाही.

घाटावरच्या मुकादमाला याबद्दल विचारले. तो शांतपणे म्हणाला, ‘‘पावसाळ्यात सारं भरून येते जी. नदी काही थांबते का?’’ हे वाक्य पुढे ठिकठिकाणी वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळाले आणि ते पूर्ण खोटे नाही, म्हणूनच त्याचा विचार करावा लागतो. नदी रेती आणते. प्रश्न एवढाच असतो की दरवर्षी किती आणते आणि आपण किती काढतो. केंद्राच्या २०२० च्या सूचनांनुसार लिलावाआधी हा पुनर्भरणाचा अभ्यास करायचा असतो, म्हणजे पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पात्राची पातळी मोजून नदीने प्रत्यक्ष किती रेती आणली हे काढायचे असते. मुकादमाने असा अभ्यास कधी पाहिलेला नव्हता. त्याच्या हिशेबात रेती ब्रासमध्ये होती, म्हणजे शंभर घनफुटांचा एक ब्रास, आणि नदी त्या हिशेबात कोठेच नव्हती.

दुपारी जवळच्या गावात एका घरकुलाच्या जोत्यावर बसलो होतो. जोते बांधून झाले होते, विटा आल्या होत्या आणि काम रेतीसाठी अडले होते. राज्य सरकारच्या २०२५ च्या रेती धोरणात घरकुल लाभार्थ्यांसाठी पाच ब्रासपर्यंत रेती मोफत देण्याची आणि घाटातील दहा टक्के साठा राखून ठेवण्याची तरतूद आहे. परंतु परवाना मिळाला तो लांबच्या घाटाचा, आणि तेथून ट्रॉलीने आणण्याचे भाडे घरमालकाला झेपणारे नव्हते. रात्री दारात येणारी रेती त्याला स्वस्त पडत होती. नदी वाचवण्याच्या गोष्टी करणाऱ्या माझ्यासारख्याने या माणसाला काय सांगावे, हे मला तेथे सुचले नाही आणि अजूनही नीट सुचलेले नाही.

ती रात्रीची रेती कशी येते तेही ऐकले. पात्रातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या पुढे मोटारसायकलवर दोन पोरे असतात. त्यांचे काम फक्त ‘लोकेशन’ देण्याचे, म्हणजे पथकाची गाडी कोठे आहे ते फोनवर कळवत राहण्याचे. पकडला गेला तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ नुसार दंड होतो आणि वाहन जप्त होते. वाटेतल्या एका कार्यालयाच्या आवारात अशी जप्त वाहने रांगेने उभी होती. एका ट्रॉलीतली रेती तशीच भरलेली होती आणि तिच्यावर तरवडाची रोपे वाढून फुलली होती, यावरून ती किती काळ तेथे असावी याचा अंदाज करता येत होता.

दुसरा दिवस : आंभोरा

भंडाऱ्यावरून आंभोऱ्याला आलो. येथे वैनगंगा आणि कन्हान यांच्यासह पाच नद्यांचा संगम मानला जातो आणि टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर आहे. आता नदीवर उंच मनोऱ्याचा केबलचा पूल झाला आहे आणि सुटीच्या दिवशी त्यावर छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी असते. मला पाहायचे होते ते पुलाखालचे पाणी. हे गोसीखुर्द धरणाचे फुगवट्याचे पाणी आहे, आणि नदी जेथे अशा संथ पाण्यात शिरते तेथे तिचा वेग मोडतो व सर्वांत जड माल, म्हणजे जाड रेती, आधी खाली बसते. बारीक गाळ तेवढा आत जातो. कन्हानची रेती नागपूरच्या बांधकामांत वर्षानुवर्षे वापरली गेली. त्या नदीची आणि वैनगंगेची रेती आता या फुगवट्याच्या तोंडाशी अडते आणि धरणाखालच्या नदीला मिळत नाही. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तेथून याच पाण्यात येते, त्यामुळे जलपर्णीचे गालिचेही येथे दिसतात, पण तो वेगळा विषय आहे.

बाकीचा दिवस उन्हात गेला. नावाड्याने सांगितले की जुने वाळवंट, जेथे यात्रेकरू उतरत असत, ते आता पाण्याखाली आहे.

तिसरा दिवस : पवनी, गोसीखुर्द आणि धरणाखालची नदी

गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. अकरा किलोमीटरहून लांब भिंत आणि ३३ दरवाजे असलेल्या या धरणामुळे सिंचनाचे काय झाले, पुनर्वसनाचे काय झाले, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. रेतीच्या बाजूने मात्र या भिंतीकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि माझ्या मते या नदीवरच्या संघर्षाची किल्ली तेथेच आहे.

वाहत्या नदीत एक प्रकारचा समतोल असतो : पाणी जेवढी रेती पुढे नेते, तेवढी मागून येते. धरणाने मागून येणारी रेती अडवली, की दरवाजातून सुटणारे पाणी रिकाम्या हातांनी धावते आणि वाहून नेण्याची त्याची ताकद शिल्लक राहिल्याने ते खालच्या पात्रातली आणि काठांमधली रेती उचलू लागते. म्हणजे धरणाखाली नदी आपोआपच खरवडली जाते. तेथेच रेतीचे घाट लिलावात दिले, तर ते उत्खनन साचलेल्या मालावर होत नाही, आधीच तुटीत असलेल्या पात्रावर होते. मुकादमाचे ‘भरून येते’ हे म्हणणे तुमसरकडे अर्धे खरे होते, कारण तेथे नदीला वरून रेती मिळते. धरणाखाली एखाद्या उपनदीने आणलेल्या मालापुरतेच ते खरे उरते. एकाच नदीच्या दोन भागांना एकच नियम आणि एकच खोली लावणे, हे मला कागदावरच्या सोयीपलीकडे काही वाटत नाही.

धरणाखाली काठाने चालताना हे डोळ्यांनी दिसत होते. बारीक रेती कमी, गोटे अधिक आणि मधूनमधून उघडा पडलेला खडक. एका गावाच्या नळयोजनेची उद्भव विहीर, म्हणजे जिच्यातून योजनेला पाणी मिळते ती विहीर, पात्रात होती. अशी विहीर रेतीतच बांधतात, कारण रेतीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी साठते. भरीव दिसणाऱ्या रेतीच्या थरात साधारण तिसरा हिस्सा पोकळीचा असतो, आणि वर नदी आटल्यासारखी दिसली तरी त्या थरातून पाणी सरकत राहते. गाळण्याचे कामही रेतीच करते. या विहिरीभोवतीची रेती खाली गेल्यामुळे तिची सिमेंटची कडी पात्रातून उघड्या नळकांड्यासारखी वर आली होती. सर्वांत वरच्या कड्यांवर ऊन-पावसाचा काळा थर होता, त्याखालची कडी फिकट होती आणि सर्वांत खालच्या कड्यावर साच्याच्या पाट्यांचे वळ अजून स्पष्ट होते, म्हणजे ते कडे अलीकडेच उघडे पडले असणार. जवळच एक बाई झिऱ्यातून, म्हणजे रेतीत खणलेल्या खड्ड्यातून, वाटीने पाणी उपसून घागर भरत होती. ती म्हणाली, ‘‘रेती गेली का पानी बी जाते जी. मंग झिरा कितीबी खोल करा.’’ जलशास्त्राचे पुस्तक याहून अधिक काही सांगत नाही, फक्त लांबवून सांगते.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ज्या विहिरीचे नुकसान झाले तिच्या आसपास कोणताही घाट नव्हता. खड्डा एका जागी खोदला तरी तो तेथेच राहत नाही. खड्ड्याच्या वरच्या कडेशी पात्राचा उतार अचानक तीव्र होतो आणि ती पायरी पाण्याच्या प्रत्येक लोंढ्यागणिक उगमाच्या दिशेने मागे सरकत जाते. शिवाय खड्ड्यात वरून येणारी रेती अडकल्यामुळे त्याच्या खालचे पात्रही उपाशी राहते. पुलांच्या खांबांना आणि विहिरींना धोका होतो तो असा, दोन्ही बाजूंनी. पुलापासून आणि विहिरीपासून अमुक मीटर अंतर ठेवा, असा नियम आवश्यक असला तरी त्याने हे सरकणे थांबत नाही. तक्रार करायला गेलेल्या गावाला मग ‘तुमच्या हद्दीत उत्खननच नाही’ असे उत्तर मिळते आणि ते उत्तर कागदाप्रमाणे बरोबर असते.

चौथा दिवस : ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी

हा दिवस सर्वांत समृद्ध गेला. ब्रह्मपुरी आणि वडसा यांच्यामध्ये नदी रुंद होते आणि पात्रात रेतीची बेटे दिसू लागतात. २०२० च्या ऑगस्टच्या शेवटी गोसीखुर्दचे दरवाजे उघडल्यानंतर या पट्ट्यात मोठा पूर आला होता आणि ब्रह्मपुरी तालुक्यातील अनेक गावे पाण्यात होती. एका शेतकऱ्याने आपले काठावरचे शेत दाखवले. त्या पुरात त्याच्या धानाच्या बांध्यांवर रेतीचा थर बसला होता. शेतातली ती रेती उचलून विकायला परवानगी लागते, आणि परवानगी हातात पडेपर्यंत त्याचा हंगाम गेला. नदीत रेती नाही आणि शेतात नको तेवढी रेती, अशी ही अवस्था. त्याने ती हसत सांगितली, पण मला हसता आले नाही.

पात्रात मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबांच्या डांगरवाड्या होत्या. पावसाळ्याचे पाणी ओसरल्यावर रेतीत खड्डे करून, त्यांत शेणखत भरून कलिंगड, खरबूज आणि काकडी लावतात. वेलीची मुळे रेतीखालच्या ओलीपर्यंत जातात आणि उन्हाळ्यात फळ येते. एका वाडीच्या म्हाताऱ्या मालकाला भीती रेतीचोरांची नव्हती, ओल खाली जाण्याची होती. पूर्वी खड्डा हातभर खणला की ओल लागत असे, आता कंबरभर खणावा लागतो, असे तो सांगत होता. बोलता बोलता त्याने हेही सांगितले की त्याचा धाकटा मुलगा रात्री रेतीच्या ट्रॅक्टरवर जातो. मासे कमी झाले, वाडी पाच महिन्यांची, आणि ट्रॅक्टरवर रोज रोख हातात पडतो. नदी राखणारे आणि नदी उपसणारे असे दोन गट करून लिहिणे सोपे असते. येथे ते दोघे एकाच मांडवाखाली जेवत होते.

संध्याकाळी एका पक्षिनिरीक्षक मित्राबरोबर डोंग्यातून मधल्या बेटावर गेलो. घरट्यांपासून दूर थांबून दुर्बिणीतून पाहिले, कारण मे महिन्याच्या उन्हात पक्षी अंड्यांवरून उठला तर थोड्याच वेळात अंडी भाजून निघतात. नदी सुरय या पक्ष्याचे घरटे म्हणजे घरटे असे काही नसते. रेतीत पोटाने केलेला उथळ खळगा, बशीएवढा, आणि त्यात करड्या-पिवळट रंगावर तपकिरी डाग असलेली अंडी. नजर हलवली की ती पुन्हा सापडत नाहीत, इतकी ती रेतीत मिसळून जातात. नर येऊन बसला, मादी उठून पाण्यावर गेली, पोटाची पिसे भिजवून परत आली आणि ओल्या पोटानेच अंड्यांवर बसली. शेजारी लहान आर्ली आणि कंठेरी चिखल्या यांचीही हालचाल होती. हे पक्षी मुख्यतः मधल्या बेटांवर अंडी घालतात, कारण दोन्ही बाजूंनी पाणी असले की कुत्री आणि कोल्हे येत नाहीत.

त्या बेटाच्या खालच्या बाजूला दुसरे एक बेट होते आणि ते रिकामे होते. त्यावरची रेती फारशी काढलेली नव्हती. काठापासून बेटापर्यंत, मधल्या धारेत पाइप टाकून आणि वर रेती लोटून टिप्परसाठी रस्ता केलेला होता, आणि त्या रस्त्यावर चाकांच्या खुणांबरोबर कुत्र्यांच्या पावलांचे ठसे होते. मित्राच्या मते उत्खननाइतकेच नुकसान हा रस्ता करतो, कारण त्यामुळे बेट बेटच राहत नाही. पर्यावरण मंजुरीच्या कागदात किती ब्रास काढायचे हे असते. पात्रात वाहन कोठून उतरेल यावर मात्र क्वचितच कोणी वाद घालतो. घरट्यांचे महिने मार्च ते मे आणि घाटांचे तेजीचे महिनेही तेच आहेत. धरणातून उन्हाळ्यात अवेळी सोडलेले पाणीही अशी घरटी बुडवते, तेव्हा सारा दोष रेतीवाल्यांच्या माथी मारणे योग्य होणार नाही.

परतताना आमची चर्चा कृत्रिम वाळूकडे वळली. राज्य सरकारने २०२५ मध्ये खडक फोडून तयार होणाऱ्या वाळूला उत्तेजन देण्याचे धोरण आणले आणि तिचे स्वामित्वधन (रॉयल्टी) ब्रासमागे सहाशेवरून दोनशे रुपये केले. दिशा योग्य आहे. जगभरात वर्षाला सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरली जाते, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२२ चा अंदाज आहे, आणि एवढी भूक एकट्या नद्या भागवू शकत नाहीत. पण खडक म्हणजे डोंगर, आणि क्रशरची धूळ ज्यांच्या धानावर बसते त्यांचे म्हणणे अजून या चर्चेत यायचे आहे.

पाचवा दिवस : मार्कंडा आणि चपराळा

मार्कंड्याला नदी उत्तरेकडे वळते, म्हणून ते तीर्थक्षेत्र. दगडी मंदिरांचा समूह काठावर उभा आहे. थोडे थांबलो आणि पुढे निघालो.

चपराळा अभयारण्याच्या कडेला वैनगंगा आणि वर्धा एकत्र येतात. अभयारण्य १९८६ पासूनचे आहे. काठावर साग आणि इतर पानझडी जंगल आहे आणि संगमाचे पात्र इतके रुंद आहे की पलीकडचा माणूस ठिपक्यासारखा दिसतो. जंगलाला हद्दीचे खांब आहेत, नदीला नाहीत, हे येथे फार जाणवते. अभयारण्याच्या आत उत्खनन होत नाही; पण आतल्या पात्रात येणारी रेती बाहेरच्या शंभर घाटांमधून उरून येणार आहे, आणि ती न आल्यास आतल्या मगरी, कासवे आणि सुरय यांना संरक्षणाचा फलक काही देऊ शकत नाही. अभयारण्याच्या नकाशाने वाचवता येणारी ही गोष्ट नाही, असे माझे मत येथे पक्के झाले. पाच हेक्टरांहून लहान घाटांनाही पर्यावरण मंजुरी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार प्रकरणात सांगितले, त्यामागे हाच विचार होता : लहान तुकडे एकेकटे पाहिले की निरुपद्रवी दिसतात. मंजुऱ्या आल्या, पण त्या अजूनही घाटागणिकच दिल्या जातात, आणि सर्व घाटांची बेरीज करून नदीला विचारणारे कोणी नाही.

संध्याकाळी आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रातल्या एका गावाच्या सभेला बसण्याची परवानगी मिळाली. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार रेतीसारख्या गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी अशा गावांतील ग्रामसभेची शिफारस घ्यावी लागते, आणि विषय गावाजवळच्या रेतीघाटाचा होता. तरुणांचे म्हणणे होते की घाट द्यावा, त्यातून गावाच्या हाती काही पैसा येईल आणि रात्री होणारी चोरी तरी थांबेल. बायकांचा विरोध होता. विहिरीचे पाणी गेले तर घागरी घेऊन कोण जाणार आहे, असे एकीने विचारले आणि त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग अटींवर बोलणे सुरू झाले : पोकलेन नको, फक्त फावडे आणि ट्रॅक्टर, काठालगतचा चौथा हिस्सा पात्र सोडायचे, मधल्या बेटावर रस्ता न्यायचा नाही, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पातळी गावाने स्वतः मोजायची. शेवटची अट एका निवृत्त शिक्षकाची होती आणि ती मोजायची कशी यावर सभा अडली. पुलाच्या खांबावर रंगाने खुणा करून दरवर्षी रेती कोठवर आहे ते पाहावे, असे कोणीतरी सुचवले. ठराव त्या दिवशी झाला नाही. आधी उद्भव विहिरीपासून घाटापर्यंतचे अंतर दोरीने मोजायचे आणि मग पुन्हा बसायचे, असे ठरले. मोजणीसाठी चौघांची नावे लिहून घेतली गेली आणि त्यांतली दोन बायकांची होती.